वाळ्याच्या पंख्याची मोटर

त्या घरात दोन गोष्टींना मनाई होती. जिन्यात चपला ठेवायच्या नाहीत आणि 'आपोआप' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. पहिलीचं कारण मला लगेच समजलं, कारण माझ्याच चपलेवरून दूधवाला घसरता घसरता वाचला. दुसरीचं समजायला माझ्या खोलीतला दिवा जावा लागला.

मी तेव्हा रायपुरात नवी होते. शहराबाहेर वसवलेल्या नवा रायपूरमध्ये सरकारी नोकरी लागली होती. सकाळी स्टाफची बस शंकर नगरातून उचलायची, त्या रुंद मोकळ्या रस्त्यांवरून कार्यालयात नेऊन सोडायची आणि संध्याकाळी परत आणून टाकायची. घरमालक मराठी मिळाले म्हणून तिकडे यवतमाळला माझी आई निर्धास्त झाली होती. घरमालकांचे, म्हणजे काकांचे, वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीवर इकडे आले आणि इथलेच झाले. काकांचा जन्म इथला, पण बोली वडिलांची. मधे मधे हिंदी, आणि होकार द्यायचा तर छत्तीसगढी 'हव'. मुलगा परदेशात होता आणि फोनवर आईबापांच्या मराठीला तो हिंदीत उत्तरं द्यायचा. मी वर राहायला गेल्यावर काकूंना मराठीत उत्तर देणारं माणूस मिळालं, त्याचाच त्यांना जास्त आनंद झाला असावा.

तर दिवा गेला. मी खाली येऊन सांगितलं की दिवा आपोआप बंद पडला. काकांनी पेपर खाली ठेवला आणि मला समोरच्या खुर्चीवर बसवलं. केव्हा बंद पडला, आधी फडफडला का, त्या वेळी मी काय करत होते, बटणाला हात ओला लागला होता का. पोलिसात तक्रार द्यायला गेलं तरी इतकं विचारत नाहीत. मग स्टूल घेऊन ते वर आले, खिशातला टेस्टर काढला आणि भिंतीवरची बटणाची डबी उघडून मला आत बघायला लावलं. आत मुंग्यांनी वारूळ केलं होतं. काकांना इतका आनंद झाला की मला वाटलं आता मुंग्यांना साखर घालतात.

"हे पाय," ते म्हणाले. "आपोआप नाही. मुंग्याइनं."

तो टेस्टर त्यांच्या खिशात कायम असे. लोक पेन लावतात तसा. लग्नालाही ते इस्त्रीच्या सदऱ्याला टेस्टर लावून जात आणि काकू त्यांच्यापासून दोन हात लांबून चालत. सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्यात त्यांनी विजेच्या विभागात उमेदवारीपासून मोठ्या साहेबापर्यंत सगळी वर्षं काढली. त्यांच्याकडे छताखालून चालणाऱ्या क्रेन होत्या. वितळलेल्या लोखंडाची बादली वरून जायची आणि खाली माणसं काम करायची. काही बिघडलं की हाताखालचे लोक लिहून आणत, क्रेन अपने आप चल पड़ी. काका तो कागद न वाचताच परत पाठवत. कोणाचा हात होता, कोणती तार होती, कोणाला झोप लागली होती, ते शोधून आणा म्हणत. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, ही सवय मात्र घरी आली. दूध आपोआप उतू जात नसे, ते काकू उतू घालवत. दार आपोआप लागत नसे, ते वारा लावी. काकूंनी चाळीस वर्षांत हा शब्द गिळायची सवय करून घेतली होती, पण कधी कधी चिडल्या की मुद्दाम दोनदा म्हणायच्या.

कारखान्यातून आणखी एक गोष्ट त्यांनी घरी आणली होती. क्रेन एका दिशेने जात असताना थेट उलट फिरवली तर खालची बादली हेलकावा खाते. म्हणून आधी पूर्ण थांबायचं, बादली स्थिर होऊ द्यायची आणि मगच उलटं निघायचं. उलट फिरायच्या आधी थांबा, हे ते नव्या पोरांना रोज सांगत. चांगली गोष्ट. पण ते स्कूटरही तशीच चालवायचे. वळण आलं की स्कूटर थांबवायची, दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे, इकडे तिकडे बघायचं आणि मग वळायचं. चौकात मागचे लोक हॉर्न वाजवत, अंकल चलना है कि नहीं म्हणून विचारत. काका मान हलवून 'हव' म्हणत आणि आपल्याच वेळेने वळत. एकदा मला उशीर झाला म्हणून त्यांनी मला स्कूटरवरून बसपर्यंत सोडलं. बस गेलेली होती.

भांडणातही त्यांचं हेच. एकदा त्यांनी आणलेली वांगी किडकी निघाली आणि ते मान्य करेनात. बराच वेळ दोघांची जुंपली होती. मग अचानक काका गप्प झाले. काकू कांदा चिरत राहिल्या. माझा चहा पिऊन झाला तरी ते गप्पच. मग सावकाश म्हणाले, "वांगे किडकेच होते." काकूंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. त्यांना माहीत होतं की माणूस थांबलाय म्हणजे आता उलटा फिरणार.

देवाशी काकांचं भांडण नव्हतं, ओळख नव्हती एवढंच. काकू देवभोळ्या नव्हत्या, पण वर्षातून तीन दिवस त्या वेगळ्याच बाई होत. त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसायच्या. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्याच, पण आमच्याकडे त्यांचा थाट निराळा. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी उभ्या, पितळी मुखवट्यांच्या, भरजरी लुगड्यांतल्या. पहिल्या दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी जेवायचं आणि तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून मुखवटे जरासे हलवले की त्या निघाल्या. तोपर्यंत मुखवट्यांना धक्का लागू द्यायचा नाही. हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं. त्या तीन दिवसांत काका केळीचे खांब आणत, समया घासत, बाजारातून सोळा भाज्या निवडून आणत, पण देवीच्या खोलीत पाय ठेवत नसत. उंबऱ्याबाहेर उभं राहून सामान आत सरकवत. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "देव आहे का नाही मले नाही माहीत बेटा. पण समई कोन लावते ते माहीत आहे."

त्या घरची एक रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. जेवणाच्या दिवशी नैवेद्य दाखवला की देवींनी निवांत जेवावं म्हणून पडदा ओढतात आणि सगळे बाहेर येतात. इथे पडद्याच्या आत एक माणूस राहायचं. ज्या घरी महालक्ष्म्या बसतील त्या घरची सून. तिने पाण्यात भिजवलेल्या वाळ्याच्या पंख्याने देवींना वारा घालायचा, उदबत्ती संपेपर्यंत. काकूंच्या सासूबाईंनी सांगितलं होतं, भादव्यातल्या उकाड्यात घरची माणसं जेवायला बसली तर आपण वारा घालतोच, मग ह्या काय परक्या आहेत? काकू लग्न होऊन आल्या तेव्हापासून तो पंखा त्यांच्या हातात होता.

माझ्या दुसऱ्या वर्षी काकूंचा उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात वर जाईना. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तेल झालं, शेक झाला, पण हात काही कानाच्या वर येईना आणि डाव्या हाताने वारा घालायचा नाही ही पुन्हा सासूबाईंचीच शिकवण. स्वयंपाकाला चार बायका येतील, पण पंख्याचं काय? मी म्हटलं, मी घालते. काकू हसून म्हणाल्या, तू पाहुणी आहेस बाई. आणि मग एका दुपारी त्यांनी नागपूरला धाकट्या जावेला फोन केला. हे वर्ष करते, पुढच्या वर्षीपासून मुखवटे तुझ्याकडे ने म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता. फोन ठेवल्यावर मी बोलायला गेले तर त्यांनी मला थांबवलं.

"त्यायले जेवाले बोलवाचं अन् वारा नाही घालाचा, हे मले नाही जमत," त्या म्हणाल्या.

काका पेपरच्या मागे होते. पेपरचं पान बराच वेळ उलटलं गेलं नाही. काकूंनी दर वर्षी त्या मुखवट्यांना चिंच लावून उजळायचं, पेटीत मऊ कापडात गुंडाळून ठेवायचं आणि मधल्या काळातही त्यांच्याविषयी माहेरच्या बहिणींविषयी बोलावं तसं बोलायचं, हे सगळं त्यांनी बाहेर उभं राहून पाहिलेलं होतं. ती पेटी घरातून गेली तर काकूंचं काय होईल, हे मला त्या दिवशी समजलं, म्हणजे काकांना केव्हाच समजलं असणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आले तर जेवणाच्या टेबलावर कालचा पेपर पसरलेला आणि त्यावर पोरांच्या खेळण्यात असते तशी एक छोटी मोटर, पिवळ्या प्लास्टिकच्या चाकांच्या डबीत बसवलेली. शेजारी पत्त्याएवढा एक निळा बोर्ड, तारांचा गुंता आणि मुलाने टाकून दिलेला लॅपटॉप. आयुष्यभर हत्तीएवढ्या मोटरी सांभाळलेला माणूस ह्या उंदरापुढे चष्मा लावून बसला होता. पंखा डावीकडून उजवीकडे न्यायचा आणि उजवीकडून डावीकडे आणायचा, इतकंच काम. काकूंनी ऐकलं आणि एकच अट घातली. देवी जेवत असताना घरघर नको. सासूबाईंच्या हाताने जायचा तसा हळू जायला पाहिजे. तसा गेला तर पाहू, मुखवटे इथेच ठेवू. नाही गेला तर धाकटी जाऊ ते घेऊन जाईल.

त्यानंतर महिनाभर त्या टेबलावर कोणी जेवलं नाही. आम्ही ताटं मांडीवर घेऊन बसायचो. काका एका बोटाने लॅपटॉपवर एकेक अक्षर शोधून टाइप करत, मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ बघत आणि कोणी पोरगा भरभर बोलला की त्याला थांबवून दम देत. बोर्डातल्या त्या काळ्या किड्याला आपण जे लिहून देऊ ते तो निमूटपणे करतो, ह्याचं त्यांना फार कौतुक. कारखान्यात असा एकही माणूस त्यांना मिळाला नव्हता. मी बसमधून थकून आले की मला समजावून सांगायचे, आणि मीही बसायचे, कारण खाली बसलं की काकू पोहे देत.

"मोटर हळू चालवाची म्हणून तिले करंट कमी नाही देत," ते म्हणाले. "पूर्ण द्याचा, पन मधून मधून तोडाचा. घडीत चालू, घडीत बंद. इतक्या जल्दी का तिले बंद झाल्याचं समजतच नाही. तिले वाटते, आपल्याले कमीच भेटून राहिलं."

"म्हणजे फसवूनच राहिले तुम्ही तिले," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

दिशा बदलायची तर करंट उलट्या बाजूने सोडायचा. त्याला वेगळी एक चकती होती, तिच्यात चार दरवाजे होते म्हणे, आणि चुकीचे दोन एकदम उघडले की धूर. एक चकती त्यांनी जाळलीही. धुराचा वास आल्यावर काकू धावत आल्या आणि त्यांनी विचारलं की आपोआप जळली का. काका ओशाळून हसले. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये पंखा उजव्या टोकाला गेला की थांबायचा, मग डावीकडे निघायचा. ते थांबणं पहिल्या दिवसापासून होतं. बाकीचं सगळं त्यांना शिकावं लागलं, ते एवढं शिकावं लागलं नाही. जुन्या टेबलफॅनच्या स्टँडवर मोटर बसवली, तिला वाळ्याचा पंखा बांधला आणि एका रविवारी आम्हाला दोघींना बसवून दाखवलं. पंखा गेला, थांबला, आला, थांबला. आवाज जवळजवळ नाहीच. काकू पदर तोंडाला लावून बघत राहिल्या आणि मग आत गेल्या. थोड्या वेळाने पेटीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. चिंच भिजत घातली होती.

माझ्या मनात मात्र तेव्हापासून एक प्रश्न होता. घरात दोन धडधाकट खांद्यांचा माणूस असताना मोटर कशाला? हा प्रश्न काकूंनी विचारला नाही, त्यांच्या मनात आला असेल असंही वाटत नाही. जो माणूस चाळीस वर्षं उंबरा ओलांडत नाही त्याला आत कोण बोलावणार? आणि काकांनी आपण होऊन म्हटलं नाही. महिनाभर डोळे फोडून यंत्र केलं, पण हात पुढे केला नाही.

जेवणाचा दिवस आला. नागपूरहून धाकट्या जाऊबाई आल्या होत्या, मायाळू आणि कामाला वाघ. पेटी न्यायला रिकामी बॅग त्यांनी आणली होती, पण ती दारामागे ठेवली होती, दिसेल अशी नाही. सोळा भाज्यांची एक भाजी झाली, अंबील झाली, पुरणाचा वास जिन्यापर्यंत गेला. देवींच्या बाजूला यंत्र मांडलं होतं आणि त्याची तार उंबऱ्याबाहेर काकांच्या लॅपटॉपपर्यंत आली होती. ते बाहेरच खुर्ची टाकून बसले होते, सदरा इस्त्रीचा, खिशात टेस्टर. जेवायला आलेल्या सवाष्णी ओट्यावर गप्पा मारत होत्या. नैवेद्याचं ताट मांडलं गेलं, आणि काकूंनी नेहमीप्रमाणे पंखा सोडवून पाण्याच्या बादलीत बुडवला, चांगला भिजवला आणि जाऊबाईंकडून पुन्हा यंत्राला बांधून घेतला.

काकांनी महिनाभर कोरडा पंखा फिरवला होता. पंखा भिजवतात हे त्यांना माहीत होतं, सगळ्या घराला माहीत होतं, पण त्यांनी तो नेहमी बाहेरून पाहिला होता. ओला पंखा हातात किती जड लागतो हे त्यांना माहीत नव्हतं.

बटण दाबलं. मोटर गुंगुं करत राहिली, पंखा हलेना. त्यांनी जोर थोडा वाढवला. पंखा निघाला, टोकाला जाऊन थांबला आणि तिथेच अडकला. थांबलेलं वजन पुन्हा हलवायला जास्त लागतं, आणि प्रत्येक टोकाला तो थांबत होता. नैवेद्य निवत होता. बाहेर उदबत्ती लावून झाली होती. काकूंनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा दारामागे पाहिलं. तेव्हा मी काकांना घाई करताना पहिल्यांदा बघितलं. लॅपटॉपवर त्यांनी भराभर काहीतरी खोडलं, आकडा वाढवला आणि पुन्हा बटण दाबलं.

पंखा सुटलाच. उजवीकडे गेला आणि न थांबता, गरकन, उलटा फिरला. स्टँड जागचा उडाला आणि पंख्याची काठी ज्येष्ठेच्या मुखवट्यावर आपटली. मुखवटा एका बाजूला फिरला. नथ डुलत राहिली आणि तिची नजर काकूंवरून सरून भिंतीकडे गेली.

मी वायर ओढून मोटर बंद केली. ओट्यावरच्या गप्पाही थांबल्या होत्या. काकूंनी भिंतीचा आधार घेतला. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. कोणी घरातलं माणूस न सांगता उठून गेल्यावर होतो तसा तो झाला होता. जाऊबाईंनी त्यांना धरलं आणि हळू आवाजात, समजूत घालावी तसं म्हटलं, "ताई, ज्येष्ठा हालली. तिचं इथलं झालं आता. मनाले लावून नका घेऊ."

काकू मान हलवणारच होत्या. मी बघत होते.

"हालली नाही," काका म्हणाले. ते खुर्चीतून उठून उंबऱ्याशी उभे होते. "हलवली. मी हलवली."

ते कारखान्यात बोलत असतील तसे बोलले, एकेक शब्द सुटा. "पंखा ओला होता, मोटर अडून राहिली होती. मले घाई झाली अन् मी थांबणं काढून टाकलं. जिंदगीभर पोट्ट्याइले सांगतलं, उलट फिराच्या आधी थांबा, अन् आज मीच काढलं. चूक माझी आहे. ते तिच्या नावावर नका लिहू."

मग ते गप्प झाले. वांग्यांच्या वेळी झाले होते तसेच. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. चाळीस वर्षं ह्या माणसाने घरातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण शोधून काढलं होतं आणि त्यांना त्याचा वैताग यायचा. त्या दिवशी त्या कारणाला धरून त्या उभ्या राहिल्या. भिंतीवरचा हात त्यांनी काढला.

"मंग ज्यानं हलवली त्यानं सरळ करावी," त्या म्हणाल्या. "हातपाय धुऊन या."

काका काही क्षण उंबऱ्यावरच होते. मग मोरीवर गेले. पाय धुतले, कोपरापर्यंत हात धुतले, टेस्टर खिशातून काढून माझ्याकडे दिला आणि आत आले. मुखवटा त्यांनी दोन्ही तळहातांनी धरला, तो तापलेला असल्यासारखा, आणि सावकाश फिरवून सरळ केला. काकू मागून सांगत होत्या, जरा इकडे, बस. मग काकूंनी यंत्राचा पंखा सोडवला, पुन्हा पाण्यात बुडवला आणि त्यांच्या हातात दिला. पडदा ओढला. आम्ही सगळ्या बाहेर आलो.

पडद्याखालून त्यांची ओली पावलं दिसत होती. पाणी फरशीवर ठिबकत होतं. पंखा इतक्या जोरात चालला होता की पडदा फुगत होता.

"हळू," काकू बाहेरून म्हणाल्या. "वारा घाला, धूळ नका झटकू."

पडदा शांत झाला. मग पंखा जायचा, थांबायचा, यायचा. उदबत्ती संपेपर्यंत तसंच चाललं. जाऊबाईंनी पडद्याला हात जोडले आणि ताटं वाढायला गेल्या. तिसऱ्या दिवशी मुखवटे रीतीप्रमाणे हलवले, पेटी काकूंच्या कपाटात गेली आणि जाऊबाई आपली बॅग रिकामीच घेऊन निघाल्या. पुढच्या वर्षी दोन दिवस आधी येईन, भाज्या चिरायला हात लागतात, एवढं बोलल्या.

पुढे मी तिथे होते तोवर वारा काकाच घालायचे. आता विश्वास बसला का, असं मी खोडी काढली तर म्हणायचे, "मले काय माहीत. वारा घालाचं काम आहे, घालतो." काकूंच्या मते त्यांचा वारा देवींच्या डोक्यावरून जायचा. यंत्र त्यांनी सोडलं नाही. निघताना मोटरला पूर्ण जोराचा एक धक्का द्यायचा आणि पंखा हलला की लगेच हळू करायचं, ही युक्ती त्यांना नंतर सापडली. टोक जवळ आलं की आणखी हळू, मग थांबायचं, मग पुन्हा धक्का. पंख्याच्या दुसऱ्या टोकाला वजन म्हणून कारखान्यातला एक जाड नट बांधला. "हलालेच जास्त लागते बेटा," ते मला म्हणाले. "एकदा हाललं का मंग कमीत भागते." मी हसले नाही. ते मोटरविषयीच बोलत होते, पण मला पडद्याखालची पावलं आठवली. ते यंत्र दुपारी काकूंच्या पलंगाशी असायचं. अंगावर पाणी ठिबकतं म्हणून त्या कुरकुर करायच्या आणि तसंच झोपून जायच्या. देवीच्या खोलीत मात्र मी असेपर्यंत ते पुन्हा गेलं नाही.

मग माझी बदली झाली, लग्न झालं, रायपूर सुटलं. काका गेल्याचं जाऊबाईंनीच कळवलं. मला वेळेवर पोचता आलं नाही. वर्ष उलटल्यावर महालक्ष्म्यांना गेले तेव्हा घर तसंच होतं, जिन्यात चपला नव्हत्या. पूजेला आता जाऊबाई बसतात, पण नागपूरहून इथे येऊन. मुखवटे त्यांनी नेले नाहीत. ते ताईंच्याच घरी बसतील, हे त्यांनी सगळ्या नातेवाइकांना स्वतः सांगितलं होतं. काकू बाजूच्या पाटावर बसल्या होत्या, खूप बारीक झालेल्या. नैवेद्याचं ताट मांडलं गेलं तेव्हा मी पंख्यासाठी इकडे तिकडे बघितलं. देवींच्या शेजारी टेबलफॅनचा तो स्टँड उभा होता. पंखा भिजवलेला होता आणि त्याच्या टोकाचा नट चिंचेने घासून लखलखीत केलेला होता.

"चालू तुम्हीच करा, ताई," जाऊबाई म्हणाल्या.

काकूंनी बटण दाबलं. पंख्याला एक लहानसा धक्का बसला, आणि तो निघाला. काही आवाज नव्हता. सावकाश उजवीकडे गेला, टोकाशी हळू झाला, पूर्ण थांबला. पाण्याचे दोन थेंब पडले. मग तो परत निघाला. माझ्या जुन्या खोलीत आता भाड्याने राहणारी मुलगी उंबऱ्याशी उभी राहून बघत होती. तिला गंमत वाटली.

"आंटी, ये तो अपने आप रुक भी जाता है," ती म्हणाली.

काकू उठल्या. पंखा पुन्हा टोकाला जाऊन थांबेपर्यंत बघत उभ्या राहिल्या.

"आपोआप नाही, बेटा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.